माथ्यावरच्या चेंडूचं त्वरण शून्य नसतं

‘शाळेत न शिकवलेलं गुरुत्वाकर्षण’ असा एक संदेश सध्या गटागटांतून फिरतोय. माझ्या नववीतल्या भाचीने तो मला पाठवून विचारलं, “मावशी, मग आमच्या पुस्तकात चुकीचं दिलंय का?” नाही, पुस्तक बरोबर आहे. चुकलाय तो संदेश.

त्यातला पहिलाच मुद्दा संताप आणणारा आहे: ‘वर फेकलेला चेंडू माथ्यावर थांबतो. त्या क्षणी गुरुत्वाकर्षण बंद असतं, म्हणून त्वरण शून्य.’ तिथे वेग शून्य होतो, एवढं खरं. पण त्वरण म्हणजे वेग नव्हे, वेग बदलण्याचा दर. हिशेबच करू. गुरुत्व त्वरण 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग; सोयीसाठी 10 धरा आणि हवेचा विरोध सोडून द्या. चेंडू सरळ वर 20 मीटर प्रति सेकंद वेगाने फेकला, तर 2 सेकंदांनी तो माथ्यावर पोचतो. 1.9 सेकंदांनी त्याचा वेग 1, दिशा वर. 2.1 सेकंदांनी वेग 1, दिशा खाली. म्हणजे 0.2 सेकंदात वेग 2 ने बदलला. भागा: त्वरण 10, खालच्या दिशेने. हातातून सुटल्यापासून तेवढंच आहे. माथ्यावर गुरुत्वाकर्षण खरंच बंद असतं, तर वेग शून्य आणि तो बदलायला कारणही नाही. चेंडू तिथेच लटकून राहिला असता. मग तो खाली येतो कसा, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावं!

‘जड वस्तू जास्त त्वरणाने पडते.’ हवेत दगड पिसाच्या आधी पोचतो, हे कबूल. पण तो हवेच्या विरोधाचा परिणाम. वस्तुमान दुप्पट झालं की ओढ दुप्पट, आणि हलवायचं वस्तुमानही दुप्पट, त्वरण तेच. 1971 मध्ये अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं. दोन्ही बरोबरच टेकले. नासाची चित्रफीत आहे, पाहून घ्या. ‘हवा नाही तिथे गुरुत्वाकर्षण नाही’ हा तिसरा मुद्दाही तिच्यातच निकालात निघतो. चंद्रावर हवा जवळपास नाहीच, तरी हातोडा पडला. जरा सावकाश, कारण तिथलं त्वरण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश.

शेवटचा मुद्दा अंतराळवीरांचा: ‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून ते तरंगतात.’ तेही चूक. ते राहतात ते अंतराळ स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवर असतं आणि तिथे गुरुत्व त्वरण जमिनीवरच्या जवळजवळ नऊ दशांश असतं. स्थानक आणि आतली माणसं एकाच त्वरणाने पृथ्वीकडे पडत असतात, म्हणून ती तरंगताना दिसतात.