ब्रेकर पाडला, अर्थ स्विच लावला, तरी ड्राइव्ह लगेच उघडू नका

लोटे, महाडकडच्या वायरमन मंडळींत एक संदेश फिरतो आहे: '६.६ केव्हीचा ब्रेकर पाडून अर्थ स्विच लावला की ड्राइव्हचं (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचं) पॅनेल लगेच उघडता येतं.' हे चूक आहे आणि जिवावर बेतणारं आहे.

अर्थ स्विच फक्त येणारी केबल अर्थ करतो, म्हणजे जमिनीशी जोडतो. ड्राइव्हच्या पॉवर सेलमधले (मोटरला वीज देणाऱ्या खणांतले) कपॅसिटर ट्रान्सफॉर्मर आणि डायोडच्या पलीकडे असतात, त्यामुळे त्यांतला चार्ज तसाच राहतो. तो ब्लीडर रेझिस्टरमधून (चार्ज उतरवण्यासाठीच लावलेल्या रेझिस्टरमधून) हळूहळू उतरतो. रेझिस्टर तुटलेला असेल तर उतरायला खूपच वेळ लागतो. पॅनेलवरचा दिवा विझला, हा चार्ज उतरल्याचा पुरावा नव्हे.

ब्रेकर रॅक-आउट करून, म्हणजे जोडणीतून बाहेर ओढून, आपलं कुलूप घाला. दारावरच्या लेबलवर लिहिलेला वेळ पूर्ण थांबा. मग योग्य व्होल्टेजचा डिटेक्टर आधी चालू लाइनवर, नंतर तिन्ही फेजवर, पुन्हा चालू लाइनवर तपासा. प्रत्येक सेलचा डीसी व्होल्टेज उत्पादकाच्या पद्धतीनेच मोजा. १००० व्होल्टचा साधा मल्टिमीटर ६.६ केव्हीवर कधीही लावू नका. अर्थिंग रॉडचं अर्थचं टोक आधी जोडा, फेजचं नंतर.

आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेमुळे स्पेस हीटर (पॅनेल आतून कोरडं ठेवणारा हीटर) चालूच ठेवतात, ते योग्यच. पण त्याचे २३० व्होल्ट बहुतेकदा वेगळ्या फीडरवरून येतात. काम करताना तो फीडरही बंद करून कुलूप घाला.