मेकॉलेने मुंबईच्या मराठी शाळा बंद केल्या का? फिरणाऱ्या मजकुराचा मुद्देसूद प्रतिवाद

गेली कित्येक वर्षे एक मजकूर फिरतो आहे. लॉर्ड मेकॉले 2 फेब्रुवारी 1835 रोजी ब्रिटिश संसदेत म्हणाला, ‘मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धती बदलली पाहिजे.’ त्याला मुंबईपुरती जोड अशी, की तेव्हाच इथे इंग्रजी आली, मुलांच्या मराठी शाळा बंद झाल्या आणि सरकारी अहवालांतच शाळांची संख्या सतराशेवरून शे-सव्वाशेवर आली. हे मुद्दे एकेक करून पाहू. शेवटच्या मुद्द्यातला सतराशेचा आकडा खरा आहे, म्हणूनच तो सगळ्यात जास्त फसवतो.

आधी ते भाषण. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच. खासदारकी सोडून तो जून 1834 मध्ये मद्रासला उतरला आणि गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा कायदा सदस्य म्हणून कलकत्त्यात काम करत होता. तेव्हा तो लॉर्डही नव्हता. ती पदवी त्याला 1857 मध्ये मिळाली. 2 फेब्रुवारीची तारीख आहे ती त्याच्या टिपणाची. 1813 च्या सनदेतला शिक्षणाचा एक लाख रुपया संस्कृत-अरबीवर खर्चावा की इंग्रजीवर, हा त्याचा विषय. भिकारी, चोर, कणा यांतले काहीही त्यात नाही. जे आहे ते पुरेसे अपमानास्पद आहे: चांगल्या युरोपीय ग्रंथालयाची एक फळी भारत आणि अरबस्तानच्या साऱ्या वाङ्मयाच्या तोडीची आहे, आणि रक्ताने भारतीय पण आवडीनिवडीने इंग्रज असा वर्ग घडवायचा आहे. मेकॉलेला विरोध करायला हे खरे शब्द भरपूर आहेत. खोटे अवतरण पुढे केले, की खऱ्या आरोपाचीही किंमत जाते.

‘इंग्रजी 1835 मध्ये लादली.’ गव्हर्नर जनरल बेंटिंकचा 7 मार्च 1835 चा ठराव मुळात बंगालच्या शिक्षण समितीच्या कारभारासाठी होता. मुंबईत इंग्रजी शिकवणे त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. 1822 मध्ये हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी निघाली, 1827 मध्ये तिचे नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाले. तिच्या मुंबईतल्या शाळेत 1820 च्या दशकातच इंग्रजी होती. त्या शाळेत शिकलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये ‘दर्पण’ काढला, तो मराठी आणि इंग्रजी अशा दोन रकान्यांत. त्याच वर्षी मिशनरी जॉन विल्सनने इंग्रजी शाळा काढली. इंग्रजीतून शिकवायला लोकवर्गणीतून नेमलेले ऑर्लेबार आणि हार्कनेस हे प्राध्यापक मात्र खरोखरच 1835 मध्ये आले, आणि घोटाळ्याला इथे थोडी जागा मिळते. पण त्यांच्यासाठीची वर्गणी 1827 मध्ये, एल्फिन्स्टन गव्हर्नरपद सोडून निघाला तेव्हाच, सुरू झाली होती.

‘मराठी शाळा बंद झाल्या.’ बंद झाल्या असत्या तर त्यांच्यासाठी पुस्तके कशाला छापली असती? सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ 1828 चे, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, आणि दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण तर 1836 चे, म्हणजे त्या टिपणानंतरचे. माध्यमाचा खरा झगडा मुंबईत 1840 च्या दशकात झाला. 1840 मध्ये सरकारी शाळांचा कारभार पाहणारे बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले, 1843 मध्ये अर्स्किन पेरी त्याचा अध्यक्ष झाला आणि त्याने इंग्रजीची बाजू धरली. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि कर्नल जर्व्हिस त्याच्या विरोधात उभे राहिले. खालचे शिक्षण देशी भाषांतच राहिले आणि 1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्याने ते मान्य केले. मराठीला मोठा फटका बसला तो विद्यापीठात. 1860 च्या दशकात वरच्या परीक्षांतून तिला काढून अभिजात भाषांना जागा दिली गेली. ती परत आणायला न्यायमूर्ती रानड्यांना शतक संपेपर्यंत झटावे लागले. राग धरायचा तर या निर्णयावर धरावा.

आता आकडे. 1829 च्या गणनेत 1,705 शाळा होत्या. त्यांतल्या 25 सरकारी आणि 1,680 गावोगावच्या. ही गणना मुंबई शहराची नाही, इलाख्याची, म्हणजे मुंबई सरकारच्या ताब्यातल्या साऱ्या मुलखाची आहे. अहवालात ‘मुंबई’ दिसले की आधी इलाखा की शहर, हे पाहावे. बोर्डाचे वार्षिक अहवाल प्रामुख्याने बोर्डाने चालवलेल्या शाळा मोजतात. म्हणून सतराशेशेजारी बोर्डाचे शे-सव्वाशे ठेवणे म्हणजे गावातली सगळी दुकाने आणि फक्त रेशनची दुकाने यांची तुलना करणे. त्या 25 ची तुलना बोर्डाच्या आकड्याशी करता येईल, 1,680 ची नाही.

एका वर्षाचा आकडा पुढच्या वर्षाशी लावतानाही पाय घसरतो. सिंध 1847 मध्ये इलाख्याला जोडले गेले, सातारा 1848 मध्ये खालसा झाले, उत्तर कानडा 1862 मध्ये मद्रासकडून आला. शाळा वाढलेल्या दिसतात, प्रत्यक्षात हद्द वाढलेली असते. सरकारी हिशेबाचे वर्ष 1867 मध्ये मेऐवजी एप्रिलपासून धरले गेले, त्यामुळे 1866-67 अकराच महिन्यांचे भरते. पटावरची मुले आणि रोजची सरासरी हजेरी हे दोन वेगळे रकाने आहेत; कोणता उचलला ते लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला आणि शहर ओस पडले. त्या वर्षीची घट शिक्षणधोरणातून आलेली नव्हे.

राहिल्या त्या 1,680 शाळा. कुणाच्या तरी पडवीत पंतोजी बसे, मुले धूळपाटीवर बारीक पूड पसरून काडीने मुळाक्षरे गिरवत, मग मोडी, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. मोबदला थोडे आणे, धान्य आणि सणावारी शिधा. हिशेब आणि पत्र लिहिण्यापुरते हे शिक्षण पक्के होते, त्याचा मान राखलाच पाहिजे. पण महार-मांगांच्या मुलांना त्या पडवीत जागा नव्हती. 1856 मध्ये धारवाडला एका महार मुलाला सरकारी शाळेतही प्रवेश नाकारला गेला, त्यावरून आधीची स्थिती समजावी. आणि पंतोजींच्या शाळा एका हुकमाने मिटल्या नाहीत. 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणारा हंटर आयोग बसला तेव्हाही देशी शाळा चालू होत्या, आणि त्यांना अनुदान देऊन टिकवावे अशी शिफारस त्या आयोगानेच केली.