चांदीचा रंग आणि सांगलीच्या ओल्या भिंती

पावसाळा ओसरला की सांगलीत घरं रंगवायला काढतात, आणि त्याच सुमारास एक मेसेज मोबाइलवर फिरायला लागतो. त्याचं सार असं: भिंतींना चांदीयुक्त रंग लावा, ९९.९ टक्के जंतू मरतात. ओलीची बुरशी कायमची जाते. मुलांची सर्दी, खोकला, दमा थांबतो. दवाखान्यांतही हाच रंग असतो. आणि चांदी नैसर्गिक असल्यामुळे अपाय काहीच नाही. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिलेल्या गावात हे लोकांना पटतं, यात नवल नाही. पण पुरातून सावरणारी माणसं या मेसेजवर साठवलेले पैसे घालतात, म्हणून त्यातला एकेक दावा नीट तपासायला हवा.

आधी ते ९९.९ टक्के. चांदी जंतू मारते, हे खरं आहे. चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, जंतूच्या पेशीतल्या गंधकयुक्त प्रथिनांना चिकटतात, पेशीचं आवरण आणि आतला कारभार दोन्ही बिघडवतात. भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझीनचं मलम लावतात ते याच गुणामुळे. आता टक्केवारीकडे या. अशा पृष्ठभागांसाठी सर्रास वापरली जाणारी चाचणी म्हणजे आयएसओ २२१९६ हे आंतरराष्ट्रीय मानक. तिच्यात पाच सेंटिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा घेतात, त्यावर जंतू असलेलं ०.४ मिलिलिटर द्रावण टाकतात आणि ते पसरून राहावं म्हणून वरून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा ठेवतात. मग ३५ अंश तापमान, ९० टक्क्यांहून जास्त आर्द्रता आणि पूर्ण २४ तास. म्हणजे जंतू पाण्यात भिजलेले आणि चांदीला खेटून बसलेले. हॉलच्या भिंतीवर यातलं काय असतं? तिथे धूळ असते, फोडणीची तेलकट वाफ असते, उदबत्तीची काजळी असते, आणि हा सगळा थर चांदी आणि जंतू यांच्या मध्ये येतो. त्यात ओलावा नसेल तर आयन सुटतच नाहीत. प्रयोगशाळेतला आकडा खोटा नाही. तो आपल्या भिंतीचा नाही, एवढंच.

बुरशीचा दावा मात्र मला सगळ्यात घातक वाटतो, कारण इथे माणूस फसतो तो घराच्या मुळाशी. बुरशीवर चांदीचा जोर जिवाणूंच्या मानाने बराच कमी पडतो. म्हणून तर रंगात बुरशीसाठी वेगळी रसायनं घालतात. कोरड्या भिंतीवर चांदी निपचित पडून राहते, आणि ओल्या भिंतीवर जी बुरशी येते ती तिला फारशी जुमानत नाही.

गावभागात किंवा सांगलीवाडीत पाणी शिरलेल्या घरातलं लोखंडी कपाट जरा पुढे ओढून बघा. मागे जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत लोणा लागलेला दिसतो, पांढरा, मिठासारखा, बोट फिरवलं की भुरभुरणारा. त्याच्या वर रंगाचे पोपडे, आणि पोपड्याच्या पाठीला काळे-हिरवे ठिपके. वीट पाणी पिते, ते पाणी क्षार घेऊन पृष्ठभागाकडे येतं, पाणी उडून जातं आणि क्षार प्लास्टर फोडत बाहेर पडतात. त्यावर लांबी (पुट्टी) भरून चकचकीत ॲक्रिलिक रंगाचे दोन हात दिले की ओल आतच कोंडते. पुढच्या पावसाळ्यात तो रंग चांदीसकट खाली येतो.

पूर ओसरल्यावर नऊ इंची वीटकाम वाळायला काही आठवडे पुरत नाहीत, महिने लागतात. वाळलं की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. सुटलेला रंग खरवडा, उघड्या प्लास्टरवर दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. कागदाच्या आतल्या बाजूला दव धरलं असेल तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला धरलं असेल तर खोलीत हवा खेळत नाही. पहिल्या बाबतीत गळती, पन्हाळी आणि पायाकडची ओल शोधावी लागते, दुसऱ्या बाबतीत खिडकी नाहीतर एक्झॉस्ट फॅन. दोन्ही ठिकाणी उपाय रंगाच्या डब्यात नाही.

दम्याबद्दल मेसेज अर्धं बोलतो. ओल आणि बुरशीचा दम्याशी संबंध आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. पण मेलेल्या बुरशीचे कणही ॲलर्जी उठवतात. बुरशी मारून भागत नाही, ती खरवडून, पुसून घराबाहेर काढावी लागते. उलट पाण्यावर आधारलेल्या बऱ्याच रंगांत डबा टिकावा म्हणून आयसोथायाझोलिनोन गटातली रसायनं असतात, ती काहींना त्वचेची ॲलर्जी देतात. ज्या घरात धाप लागणारं मूल आहे तिथे रंगकाम चालू असताना आणि नंतरही काही दिवस त्याला दुसऱ्या खोलीत किंवा आजीकडे ठेवा. आणि सर्दी-खोकला पसरतो तो हवेतून आणि हातांतून. डेंगी डासामुळे होतो, लेप्टो दूषित पाण्या-चिखलातून. भिंतीला यात जवळपास काही स्थान नाही.

दवाखान्याचंही तसंच. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या रुग्णालयांसाठीच्या सूचनांत भिंतीबद्दल एवढंच म्हटलंय की धूळ किंवा डाग दिसला की पुसा. भर आहे तो हात धुण्यावर आणि वारंवार हात लागणाऱ्या जागांवर.

आता "अपाय काहीच नाही". सुकलेल्या रंगात अडकलेली चांदी भिंतीला पाठ टेकल्याने अंगात जात नाही, त्याची धास्ती घेऊ नका. आजीच्या माठातलं चांदीचं नाणंही चालतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅम चांदी आपलं भारतीय मानक चालवून घेतं. काळजी आहे ती पॉलिश पेपर मारणाऱ्या पेंटरच्या नाकातोंडात जाणाऱ्या धुळीची. त्यातही जुना थर असेल तर चांदीपेक्षा शिसं वाईट: घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचे थर अजून भिंतींवर आहेत. मास्क लावा, भिंत ओली करून घासा, लहान मुलांना लांब ठेवा.

दुसरी काळजी कृष्णेची. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात नॅनो चांदीचा, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा, रंग बाहेरच्या भिंतीला लावला, तर एका वर्षात ३० टक्क्यांहून जास्त चांदी पावसाने धुऊन नेली. पाण्यातल्या बारीक जिवांना चांदी अगदी थोड्या प्रमाणातही विषारी ठरते. शिवाय चांदीला न जुमानणारे जंतू ही कल्पना नाही. अमेरिकेत भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात असा साल्मोनेला जिवाणू सापडल्याची नोंद १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली होती.

युरोपीय आयोगाने २०१९ मध्ये सिल्व्हर झिओलाइटला (चांदी धरून ठेवणाऱ्या खनिजाला) रंगाच्या थराचं रक्षक म्हणून मंजुरी नाकारली, परिणाम पुरेसा सिद्ध झाला नाही म्हणून. अमेरिकेत अशा रंगावर वेगळी नोंदणी नसेल तर "थर टिकतो" एवढंच लिहिता येतं, "माणसं आजारी पडत नाहीत" असं नाही. आपल्या दुकानातही हेच विचारा: चाचणी कोणती, बुरशीवर केली का, भिंत किती वेळा धुतल्यावर केली? उत्तर मिळालं आणि भिंत कोरडी असेल तर न्हाणीघरात किंवा मोरीजवळ हा रंग लावायला माझी हरकत नाही. बाहेरच्या भिंतीला मात्र नको, आणि ब्रश-बादली धुतलेलं पाणी गटारात सोडू नका, ते गटार नदीलाच मिळतं.