‘कासवांना निसर्गावर सोडा’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

फेब्रुवारी-मार्चमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाहून समुद्रकासवांच्या पिल्लांचे फोटो यायला लागले की पाठोपाठ एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा आशय असा: कासवाची अंडी उकरून दुसरीकडे पुरणं म्हणजे निसर्गात ढवळाढवळ. माणसाचा हात लागला की अंडी मरतात. ओडिशात असलं काही करत नाहीत. हजारात एकच पिल्लू जगतं, मग एवढा खटाटोप कशाला? आणि हे सगळं पर्यटकांसाठीच चाललंय.

लिहिणाऱ्याच्या मनात कासवांबद्दल कळकळ असेलही, पण किनाऱ्यावर काय चालतं याचा त्याला पत्ता दिसत नाही.

ढवळाढवळीचंच आधी घेऊ. ती घरटी राखणाऱ्या कासवमित्रांनी सुरू केलेली नाही. कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालायला येतात. ही अंडी उकरून खाणं, विकणं किनारी गावांत पूर्वापार चालत आलेलं होतं; माणसाच्या तावडीतून सुटलेलं घरटं कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी जायचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला काम सुरू केलं, ते या पार्श्वभूमीवर. पुढे ते गावाने आणि वनखात्याने हाती घेतलं. ‘निसर्गावर सोडा’ म्हणताना मेसेजवाले ज्या किनाऱ्याची कल्पना करतात, त्यावर भटकी कुत्री नाहीत, दिवे नाहीत आणि पिशवी घेऊन फिरणारा माणूसही नाही. असा किनारा कुठे आहे तेवढं सांगा.

हात लावण्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. अंडी घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं, उलटं झालं, तर तो मरू शकतो. म्हणून तर पहाटेची घाई असते. अंधारात किनारा चालायचा, वाळूत वर गेलेला आणि परत समुद्राकडे वळलेला मादीचा माग हुडकायचा, जिथे वाळू भुसभुशीत लागेल तिथे हातानेच अलगद उकरायचं. शंभराच्या आसपास अंडी मोजून, न फिरवता घ्यायची. हॅचरीतला, म्हणजे अंडी नेऊन पुरायच्या कुंपणातला, खड्डा मूळ घरट्याएवढाच खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद करायचा. मूळ घरट्यातली ओलसर वाळू सोबत आणायची, घरट्याला तारखेची पाटी लावायची. उशिरा सापडलेलं घरटं हलवण्यापेक्षा जागेवरच कुंपण घालणं बरं.

ओडिशाशी तुलना ऐकायला जोरदार वाटते, पण ती जुळत नाही. गहिरमाथा आणि ऋषिकुल्याला लाखो माद्या काही रात्रींत एकदम किनाऱ्यावर येतात. कोल्हे-कुत्री खाऊन खाऊन किती खातील? इतकी अंडी घातल्यावर बरीचशी उरतातच. आपल्याकडे एखाद्या रात्री एखादी मादी येते. तिचं घरटं एका कुत्र्याने उकरलं तर त्या रात्रीचं सगळंच संपलं.

हजारात एक हा अंदाज आहे, आणि तो सगळेच सांगतात. पण त्यातून निघतं काय? जगणारी इतकी कमी असतील, तर अख्खं घरटं गमावणं अधिकच महाग पडतं. इथे मेसेजवाल्यांनी विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळाच आहे: पिल्लं वाचवून मोठी कासवं मासेमारीच्या जाळ्यात मरत राहिली तर? हा खरा घाव आहे आणि हॅचरी त्यावर औषध नाही. जाळं कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना २०१८ पासून आहे. त्या मेसेजऐवजी ही माहिती बंदराबंदरांतून फिरली असती तर उपयोग झाला असता.

पर्यटन? हो, आहे. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला भरणाऱ्या कासव महोत्सवामुळे घरोघरी राहण्या-जेवणाची सोय झाली आणि घरट्याची राखण गावाला परवडू लागली. गर्दीचा त्रासही आहेच. घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली सकाळी सापडलेली पिल्लं केवळ पाहुण्यांसाठी संध्याकाळपर्यंत अडकवून ठेवली, तर पोटातल्या बलकातून मिळालेली त्यांची शक्ती पोहण्याआधीच खर्च होते. असं कुठे दिसलं तर तिथेच टोका, वनखात्याकडे तक्रार करा. पण त्यासाठी हॅचरीच बंद करा म्हणणं अजब आहे.

राहता राहिला मेसेजच्या शेवटी मारलेला टोमणा, की गावातल्या पोरांना यातलं शास्त्र काय कळणार. २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर (वल्ह्यासारख्या पायावर) ओळखीची पट्टी सापडली. ती २०२१ मध्ये ओडिशात लावलेली होती. बंगालच्या उपसागरातलं कासव अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर येऊन अंडी घालतं, हे कळलं कारण त्या रात्री किनाऱ्यावर कुणीतरी जागं होतं.