खालच्या काकांची सम

डॉक्टरांनी माझा एमआरआय खिडकीकडे धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ओझी उचलायचं काम करता का?"

"नाही हो. विमा कंपनीत आहे. फायली बघतो."

"मग मणके असे कसे झाले?"

तेव्हा कबूल करावं लागलं. गेली अकरा वर्षं, पावसाळा लागला की मी ढोल पथकात ढोल वाजवतो. म्हणजे आधी नदीपात्रात सराव आणि मग मिरवणुकीत कमरेला ढोल बांधून तासन्तास उभं राहणं. डॉक्टर पुण्याचेच निघाले, त्यामुळे दुःखाची जात त्यांना लगेच कळली. म्हणाले, "यापुढे कमरेला फक्त पट्टा बांधायचा. हौस असेल तर बसून वाजवा."

त्यांच्या मनात तबला असणार. घरी सांगितल्यावर बायकोने 'बसून' एवढाच शब्द धरला आणि ज्ञानेश्वरीचं नाव काढलं. मला मात्र ड्रमसेट ऐकू आला. अख्ख्या बँडमध्ये ड्रमर एकटाच हक्काने बसलेला असतो. त्याच्या त्या गोल स्टुलाला इंग्रजीत चक्क थ्रोन म्हणतात, सिंहासन! सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाला आणखी काय कारण लागतं?

कॅम्पातल्या एका दुकानात गेलो. तिथल्या पोनीटेलवाल्या मुलाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "काका, मुलासाठी का?"

"मला हवाय."

"सॉरी काका. मेटल वाजवणार का?"

म्हटलं, "लाकडाचाही चालेल."

मेटल हा संगीताचा प्रकार आहे हे मला रात्री मुलीकडून कळलं. त्या मुलाने चेहऱ्यावरची रेष हलू न देता मला आत नेलं, हे त्याचे संस्कार.

आत तो मांडलेला होता. बावीस इंची किक, म्हणजे पायाने वाजवायचा तो आडवा नगारा. मांडीसमोर चौदा इंची स्नेअर. वर दोन टॉम, उजवीकडे जमिनीवर उभा राहणारा फ्लोअर टॉम. गडद लाल रंग, चकचकीत कड्या. लग्नात आपली वरमाई कशी सगळ्या खोलीला पुरून उरते, तसा. किंमत विचारली तर आश्चर्य म्हणजे आवाक्यात होती. मी खिशाकडे हात नेला तेव्हा मुलगा म्हणाला, "काका, हा शेल पॅक आहे. सिंबल वेगळे."

"वेगळे म्हणजे?"

"म्हणजे यात नाहीत. स्टँड पण नाहीत. पेडल, थ्रोन पण नाही."

थाळी मागवावी आणि वाढप्याने येऊन 'भाजी, आमटी, भात वेगळा' सांगावं, तसं झालं. वर सिंबलचा भाव ऐकला तेव्हा कळलं की खरं जेवण तिकडेच आहे. पायाने उघडझाप होणारी हायहॅटची चौदा इंची जोडी, दणका द्यायला सोळाचा क्रॅश, ताल धरायला विसाचा राइड. या चार झांजांच्या किमतीत लाल वरमाई सहकुटुंब घरी आली असती.

"एवढं काय आहे त्यात?"

मुलगा खुलला. आधी त्याने एका पितळी सिंबलवर काडी मारली. मोरीत परात पडल्याचा आवाज आला. मग शंभरात ब्याण्णव भाग तांबं आणि आठ भाग कथील असलेला एक वाजवला. आवाज उजळ, पण जरा भांडखोर. शेवटी ऐंशी-वीसवाला. त्यावर काडी नुसती टेकली आणि आवाज आधी फुलला, मग पसरला, मग कितीतरी वेळ हवेत विरत राहिला. आम्ही दोघं गप्प उभे. दुकानातलं गिऱ्हाईकही क्षणभर थांबलं.

"झिल्जियन," तो म्हणाला, अत्तरवाल्याने कुपीचं नाव सांगावं तसा.

या नावाचा अर्थच झांजा घडवणारा. इस्तंबूलमधल्या एका आर्मेनियन कारागिराने १६२३ साली हा धंदा सुरू केला. १६२३ म्हणजे शिवनेरीवर महाराजांचा जन्म व्हायला अजून सात वर्षं होती! आता त्यांचा कारखाना अमेरिकेत आहे. विसाव्या शतकात वडील गेल्यावर दोन भावांत वाजलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि धाकट्याने १९८१ मध्ये कॅनडात वेगळी चूल मांडली. आपल्या तीन मुलांच्या नावांतली अक्षरं जुळवून त्याने नाव ठेवलं सेबियन. भाऊबंदकी हा शब्द मराठी असला तरी माल आंतरराष्ट्रीय आहे, हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

पण 'ऐंशी-वीस' हे प्रमाण डोक्यात घुमत होतं. तांबं आणि कथील... हे तर आपलं कांसं! घरी आल्या आल्या फडताळ उघडलं. तळपायांची आग झाली की आई तूप लावून जिने पाय चोळते ती काशाची वाटी वरच्या फळीवर होती. ती आईच्या सासूबाईंची. कडेला थोडी झिजलेली, बुडाशी तुपाचा जुना चिकटा. पाची बोटांची टोकं उभी करून त्यांवर ती उपडी ठेवली आणि शिसपेन्सिलीने कडेला हलकेच टोला दिला.

काय सांगू! अगदी विसाच्या राइडसारखं नाही, पण घराणं तेच. नाद निघाला, वर चढला, फ्रिजच्या घरघरीवरून तरंगत गेला आणि संपला कुठे ते कळलंच नाही. मी घड्याळ लावून पुन्हा मारला. अकरा सेकंद. तिसऱ्यांदा मारला तेव्हा आतून आईचा आवाज आला, "नैवेद्य दाखवलास का रे? आज काय आहे?"

कसब्यात वाढलोय मी. शाळेत जाताना तांबट आळीतले ठोके रोज कानावर पडायचे. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याने भांड्याचा आवाज बदलतो हे आम्हाला दहाव्या वर्षी माहीत होतं. सिंबललाही तशीच ठोकून ठोकून चाल देतात. तेव्हा अकूस्टिकच, म्हणजे विजेवर न चालणारा खराखुरा सेटच घ्यायचा, असं त्या रात्री ठरलं. दोन सिंबल कमी घेऊ, पण काशाचे घेऊ.

सकाळी जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. मी नुसतंच, हवापाण्यासारखं विचारलं. त्यांनी हवापाण्यासारखंच उत्तर दिलं, पण त्यात आकडे होते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. २००० सालचे नियम आहेत, त्यांना तोंडपाठ होते. अकूस्टिक ड्रम मनापासून वाजवला तर शंभरी सहज ओलांडतो. १०५ धरा. ५५ पासून १०५ म्हणजे पन्नासच तर जास्त, असं मला वाटलं. पण डेसिबलचा हिशोब चक्रवाढीसारखा असतो, दर दहाला आवाजाची ताकद दहापट. म्हणजे पन्नासाला एक लाख पट. मी विमा कंपनीतला माणूस आहे, लाखाचा आकडा ऐकला की फाईल बंद करतो.

आता याच शहरात गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीकाठी शेकडो ढोल एकदम घुमतात. ती परंपरा. आणि तिसऱ्या मजल्यावर एक माणूस बसून वाजवणार, तो उपद्रव! सेक्रेटरींना हे म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "मग नदीत बसा."

पुन्हा दुकान. पोनीटेलने आधी भोकं पाडलेले सिंबल दाखवले. आवाज कमी व्हावा म्हणून त्यांना शेकडो छिद्रं असतात. चांगली कल्पना आहे, पण मला त्यांच्याकडे बघून साबुदाणा चाळावासा वाटला. मग त्याने पडदा सारला आणि इलेक्ट्रॉनिक किट दाखवलं.

इलेक्ट्रॉनिक म्हटलं की आपल्या पिढीला ऑक्टोपॅड आठवतो. १९८५ च्या सुमारास जपानच्या रोलंडने आठ चौकोनांची ती पेटी काढली आणि बघता बघता महाराष्ट्रातल्या प्रत्येक ऑर्केस्ट्राने, प्रत्येक बँजो पार्टीने ती दत्तक घेतली. आमच्या लग्नाच्या वरातीत ऑक्टोपॅडवाल्याने घोड्याला नाचवलं होतं, मी वर बसलेलो असताना. तेव्हा त्या जातीबद्दल माझ्या मनात थोडी अढी होतीच. पण हे किट वेगळं होतं. रबराऐवजी ताणलेली जाळी. ही जाळी रोलंडनेच १९९७ मध्ये आणली, आणि तिच्यावर काडी खऱ्या चामड्यासारखी उसळते.

हेडफोन चढवले, काडी मारली आणि मी थेट स्टेडियममध्ये! धडाडधूम. मुलाने एक कळ दाबली, जॅझ क्लब. दुसरी कळ, तबला. तिसरी दाबल्यावर बंदूक सुटली, ती का हवी असते ते त्यालाही माहीत नव्हतं. मी घामाघूम होऊन हेडफोन काढले तर दुकानात शांतता. आरशात एक पोट सुटलेला गृहस्थ काळ्या टिकल्यांसमोर हातात काड्या घेऊन बसला होता.

एकच सलत होतं. इलेक्ट्रॉनिकचे सिंबल रबरी असतात. क्रॅश मारून कडा चिमटीत धरली की आवाज बंद होतो, अगदी खऱ्यासारखा. राइडचा घंटेसारखा मधला भागही वेगळा वाजतो. सगळं बरोबर होतं. पण हेडफोनबाहेर त्या क्रॅशचा आवाज 'पत्' असा येतो. चपलेने झुरळ मारल्यासारखा. ऐंशी-वीसचा नाद ऐकल्यावर 'पत्' वर संसार करायचा म्हणजे... पण एक लाख पट आठवलं आणि कार्ड पुढे केलं.

किट घरी आलं ते खोक्यात, सुट्या भागांत. नळ्या, चिमटे, आणि सापाची अंडी फुटावीत तशा वायरी. जोडायला दोन रात्री गेल्या. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा स्नेअर मारला की फ्लोअर टॉम वाजायचा. वायरींची अदलाबदल झाली होती, पण तोवर मी ती माझी शैली समजत होतो.

घरच्यांना नुसती 'टकटक टक, पत्' ऐकू यायची. कानात माझ्या वादळ आणि बाहेर कोणी कोबी चिरतंय. बायको दारात उभी राहून काहीतरी सांगायची आणि मला ते क्रॅशनंतर आठ मात्रांनी कळायचं. धुण्याभांड्याच्या मावशींनी पहिल्या दिवशी बराच वेळ बघून विचारलं, "वहिनी, दादा गादी झोडतायत का?"

तरी घरात शांतता होती आणि मी खूश होतो. चौथ्या दिवशी खालच्या वहिनी लिफ्टमध्ये म्हणाल्या, "तुमच्याकडे रात्री कोणी उड्या मारतं का?"

इथे मला इलेक्ट्रॉनिकचं मर्म कळलं. हवेतून जाणारा आवाज हेडफोन अडवतात. पण किकच्या पेडलला मी जी लाथ घालतो ती स्टँडमधून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून सरळ खालच्यांच्या पलंगावर. माझा आवाज नाहीसा झालाच नव्हता. त्याने फक्त पत्ता बदलला होता.

यावर उपाय आहे, आणि जगभरचे फ्लॅटमधले ड्रमर तो करतात. प्लायवूडच्या दोन फळ्या घ्यायच्या, त्यांत भोकं पाडायची आणि मध्ये टेनिसचे चेंडू बसवायचे. चेंडू धक्का गिळतात. मी टेनिस क्लबच्या माळीबुवांकडून पंचेचाळीस जुने चेंडू आणले. सुताराला काम समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "साहेब, यावर बसणार कोण?" रविवारी हॉलभर हिरवे चेंडू घरंगळत होते. मुलगी म्हणाली, "बाबा, त्यापेक्षा कुत्रा पाळला असता."

आता किट चेंडूंवर तरंगतं. धक्का खूप कमी झाला. वहिनी लिफ्टमध्ये हसायला लागल्या. मी निर्धास्त झालो आणि रोज साडेआठ ते साडेनऊ रियाज सुरू ठेवला.

पंधरा दिवसांनी रात्री बेल वाजली. खालचे काका. रेल्वेतून निवृत्त झालेले, दर गुरुवारी भजनात पखवाज वाजवतात. हातात तक्रारीचा कागद नाही, चेहऱ्यावर राग नाही, नुसता ताण. मी घाईघाईने फळ्या, चेंडू, सगळं दाखवलं. त्यांनी ते कौतुकाने पाहिलं.

"आवाजाचं काही नाही हो. आता अगदी बारीक येतं. दुसऱ्याला कळायचंही नाही."

"मग?"

"तुम्ही समेवर येत नाही."

मला काही सुचेना. सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, फिरून जिच्यावर यायचं असतं.

"असं बघा, वरचं तुमचं काय ते तडतड, ते आम्हाला येत नाही. आम्हाला फक्त पायाचे ठोके येतात. धूम... धूम-धूम... मी पलंगावर पडून मोजत असतो, सवयच आहे हाताला. तुम्ही तीन आवर्तनं नीट करता. चौथ्यात पळता. ते एक वेळ चालेल, शिकताय. पण मग तुम्ही मध्येच सोडता आणि उठून जाता! काल तर चौथ्या आवर्तनात, सम तोंडावर आली असताना थांबलात. ही म्हणाली, पाणी प्यायला गेले असतील, येतील. आम्ही वाट बघतोय. साडेअकरा वाजले."

काल मला ऑफिसचा फोन आला होता. मी माफी मागितली.

"माफी कसली. वाजवा हो. पण जिथे असाल तिथून समेवर या आणि मग काय ते उठा."

हे मी पाळतो. फोन येवो, बायको हाक मारो, आधी सम. काकांनी लयही थोडी सुधारून दिलीय. परवा जिन्यात हातावर चुटक्या वाजवत मला चौथं आवर्तन शिकवलं.

गेल्या बुधवारी मात्र वीज गेली. बरोबर तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटाला मशीन बंद, हेडफोन मुके, घर अंधारात. मी मेणबत्ती शोधायला उठलो, मग मुलीचा प्रोजेक्ट, मग जेवण, मग विसरलो. अकराला अंथरुणावर पडल्यावर एकदम आठवलं. अनवाणी उठलो, अंधारात चाचपडत सिंहासनावर बसलो, पेडलवर पाय ठेवला. वीज अजून आली नव्हती.

एकच ठोका घातला. धूम.

खालून छताला काठी लागल्याचा आवाज आला. पोचली.