बहुमत आहे म्हणून प्रोसिजर फालतू ठरत नाही

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय, "ज्याच्याकडे बहुमत त्याचंच बिल पास होणार, सगळं नियमातच चालतं, प्रोसिजरची रड फक्त हरलेले रडतात." मला हे अजिबात पटत नाही, एकेक मुद्दा घेतो.

"बहुमत होतंच, मतं मोजली काय न मोजली काय."
अहो पण बहुमत आहे हे मोजल्याशिवाय कळणार कसं? 20 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेत शेतीची दोन बिलं होती, विरोधक मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत नोंदवून मोजणी, मागत होते, उपसभापतींनी आवाजी मतदानावर पास केली, कारण काय तर मागणारे आपल्या जागेवर नव्हते. विरोधकांनी वेलमध्ये (खुर्चीसमोरच्या मोकळ्या जागेत) उतरून गोंधळ घातला, ते चूकच. पण आवाजी मतदान म्हणजे काय, एक बाजू 'होय' ओरडते, दुसरी 'नाही' ओरडते आणि खुर्चीवरचा माणूस कानानं ठरवतो कोण जिंकलं, कुठल्या खासदारानं काय मत दिलं याची नोंदच राहत नाही. आणि त्या सभागृहात भाजपकडे तेव्हा स्वतःचं बहुमत नव्हतं, म्हणून तर आकडा हवा होता!

"मनी बिल कुठलं ते स्पीकर ठरवतो, विषय संपला."
नाही संपला. मनी बिल म्हणजे फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशाच्या बाबींचं बिल. तो शिक्का बसला की राज्यसभेच्या हातात उरतात 14 दिवस आणि नुसत्या शिफारशी. 2016 ला आधारचं बिल असंच आणलं, राज्यसभेनं 5 दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेनं त्याच दिवशी पाचही फेटाळल्या. 2018 ला सुप्रीम कोर्टानं 4 विरुद्ध 1 नं ते मान्य केलं हे खरंय, पण 2019 ला दुसऱ्या घटनापीठानं त्याच निकालावर शंका काढून प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला.

"तुमचे सत्तेत होते तेव्हा?"
तेव्हाही चूकच होतं. 5 जुलै 2021 ला महाविकास आघाडी सरकार असताना महाराष्ट्राच्या विधानसभेत भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित केले. डिसेंबर 2023 ला संसदेत तेच उलट्या बाजूनं, 146 खासदार बाहेर आणि त्याच अधिवेशनात तीन नवे फौजदारी कायदे पास. त्या 12 आमदारांचं निलंबन अधिवेशनापुरतंच चाललं असतं, त्यापुढचं बेकायदा, असं कोर्टानं जानेवारी 2022 ला सांगितलं आणि हे हकालपट्टीपेक्षा वाईट आहे असंही म्हटलं. बरोबरच आहे, आमदाराला काढून टाकलं तर 6 महिन्यांत पोटनिवडणूक तरी होते, निलंबनात तीही नाही आणि वर्षभर त्या मतदारसंघातून सभागृहात बोलणारं कोणीच नाही.