‘सर्जनचा हात चांगला असला की पुरे’?

डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हे मत पुन्हा पुन्हा फिरतं: रुग्ण वाचतो सर्जनच्या हातामुळे, टीमला बोलायला शिकवणं, चेकलिस्ट (ऑपरेशनच्या वेळी तपासायच्या गोष्टींची यादी) वाचणं हे कागदी सोपस्कार, आणि सिस्टर सरांना टोकू लागल्या तर ओटीची (ऑपरेशन थिएटरची) शिस्त जाते.

आधी हाताबद्दल. इंग्लंडमध्ये २९ मार्च २००५ रोजी सायनसच्या नेहमीच्या ऑपरेशनसाठी इलेन ब्रोमिली यांना भूल दिली. चार मिनिटांत सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ४० टक्क्यांवर आलं. श्वासनलिकेत नळी जाईना, मास्कनेही हवा जाईना. अशा वेळी गळ्यातून श्वासमार्ग उघडायचा असतो. ते करू शकणारा कान-नाक-घशाचा सर्जन तिथेच होता. सिस्टरने ट्रॅकिऑस्टॉमीचा, म्हणजे गळ्यातून श्वासमार्ग उघडण्याचा, सेट आणला, तसं सांगितलंही. तरी नळी घालण्याचेच प्रयत्न चालू राहिले. किती वेळ गेला याचं भान उरलं नाही. १३ दिवसांनी त्या गेल्या. हात कुणाचाच कच्चा नव्हता!

म्हणून अशा प्रसंगांच्या सरावात एकाला फक्त घड्याळाचं काम देतात: ‘तीन मिनिटं झाली, सॅच्युरेशन ६०’ असं तो मोठ्याने सांगतो. ब्रिटनच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत नळीचे प्रयत्नही मोजून दिले आहेत: तीन, आणि चौथा फक्त अधिक अनुभवी व्यक्तीचा.

चेकलिस्टबद्दलचा आक्षेप अर्धा खरा आहे. कॅनडातल्या ऑन्टारियोत १०१ रुग्णालयांत ती लागू केल्यावर मृत्यू लक्षणीय घटले नाहीत, असं २०१४ मध्ये दिसलं. पण अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा २०१०चा अभ्यास पाहा. तिथे सर्जनसकट अख्ख्या टीमला एक दिवस एकत्र शिकवलं, पुढे वर्षभर दर तिमाहीला पाठपुरावा केला. प्रशिक्षित ७४ रुग्णालयांत मृत्यूदर १८ टक्क्यांनी उतरला, बाकीच्या ३४ मध्ये ७ टक्क्यांनी. रुग्णालयं चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती, ही त्याची मर्यादा. तरी नुसता कागद आणि शिकवलेली टीम यांतला फरक नाकारता येत नाही.

राहिली शिस्त. टोकण्यालाही पायऱ्या असतात. ‘सर, सॅच्युरेशन ७५ आहे.’ मग ‘सर, मला काळजी वाटतेय, ते उतरतंय.’ मग ‘सर, थांबा. गळ्यातून मार्ग उघडायला हवा, सेट इथे आहे.’ प्रत्येक पायरीवर सरांनी तोंडाने उत्तर द्यायचं, हे त्यांनाही शिकवावं लागतं.

हुकूम देण्याचंही तसंच. हृदय बंद पडलं असताना ‘कुणीतरी ॲड्रेनालिन द्या’ म्हटलं की एकतर कुणीच देत नाही, नाहीतर दोघं देतात. माणसाचं नाव घेऊन सांगायचं: ‘सीमा, ॲड्रेनालिन १ मिलिग्रॅम, शिरेतून.’ ऐकणाऱ्याने तेच शब्द परत म्हणायचे आणि दिल्यावर वेळ सांगायची: ‘दिलं, १०:४२.’